लीडर होण्याचे क्लास खूप झाले, हाताखाली काम करायचं कोण शिकवणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या नागपुरात व्हेरायटी चौकातून निघा की वर्धा रोडनं विमानतळाकडे जा, दर दोन खांबांआड एक बॅनर आणि त्यावर कोणीतरी "कणखर नेतृत्व", कोणी "युवा नेतृत्व", कोणी "उगवतं नेतृत्व". वाढदिवस असतो बिचाऱ्याचा. खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे गोल फोटो असतात ना, ते सगळे पुढच्या वर्षीचे नेतृत्वच. राजकारणात हे चालायचंच, पण आता तीच हवा ऑफिसांमध्ये शिरून राहिली आहे. वर्धा रोडच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी लीडरशिपचं काही ना काही असतं, आणि माझा पुतण्या मिहानमध्ये एका आयटी कंपनीत आहे, त्याच्या हाताखाली एक माणूस नाही तरी कंपनीनं त्याला लीडरशिपच्या ट्रेनिंगला पाठवलं. मी म्हटलं अरे तुमच्या टीममधले सगळेच लीडर होणार तर कोड कोण लिहिणार. तो हसला आणि म्हणे काका, तुम्हाला नाही कळायचं.

कळतं साहेब. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका केंद्र सरकारी ऑफिसात एलडीसी, म्हणजे कनिष्ठ लिपिक, म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन रिटायर झालो, म्हणजे अख्खी नोकरी कोणाच्या ना कोणाच्या हाताखाली गेली, आणि अधीक्षक झाल्यावर लोक बडे बाबू म्हणायला लागले तरी डोक्यावर चार जण होतेच. ज्याला आपण मोठा साहेब म्हणतो त्याला पण दिल्लीहून फोन आला की तो खुर्चीतून अर्धा उठूनच बोलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तर सगळी दुनिया कोणाच्या तरी हाताखाली आहे आणि ट्रेनिंग मात्र फक्त वर बसण्याचं. हाताखाली नीट काम करणं, म्हणजे कोणी पाहत नसताना काम करणं आणि साहेब चुकून राहिला असेल तर वेळेवर त्याला तसं सांगणं, हे एक कसब आहे, ते कोणी शिकवत नाही आणि त्याचे मार्क पण कोणी देत नाही, एवढंच मला ह्या पत्रात म्हणायचं आहे. नुसता साहेब वाईट असून ऑफिस बुडत नाही, त्यासाठी खालच्या सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावावं लागतं.

अमेरिकेत रॉबर्ट केली नावाच्या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकानं 1988 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत एक लेख लिहिला होता, नेत्यांच्या मागं चालणाऱ्यांवर. त्यानं दोनच गोष्टी पाहिल्या, माणूस स्वतःच्या डोक्यानं विचार करतो का आणि कामात आपणहून हात घालतो का. आता ह्या दोन गोष्टी घेऊन नागपूरच्या कोणत्याही ऑफिसात एक चक्कर मारा, त्याचे सगळे नमुने टेबलाटेबलावर बसलेले दिसतील. एक तं मेंढरं, ना विचार ना हालचाल, सांगितलं तेवढं केलं आणि वेळ झाली की डबा उचलला. मग होयबा, हे कामाला वाघ असतात बरं का, पण साहेबानं सकाळी उत्तर म्हटलं की उत्तर आणि दुपारी दक्षिण म्हटलं की दक्षिण, मान हलवण्यात नंदीबैल लाजेल. काही वारा पाहून पाठ फिरवणारे, नवीन साहेब कसा आहे ते कळेपर्यंत मेडिकल रजेवर. आणि मग ते हुशार लोक, ज्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ह्यांना सगळं कळतं, टेंडरमध्ये काय गोम आहे, नवीन सॉफ्टवेअर काऊन चालणार नाही, पण हे ज्ञान ते टपरीवर वाटतात, तर्री पोहे खाता खाता, आणि अकराच्या मीटिंगमध्ये बसले की डायरीत फुलं काढत राहतात. काम बिघडलं की पहिले हेच म्हणणार, मी तं आधीच सांगितलं होतं. कोणाला सांगितलं होतं बाप्पा, पोहेवाल्याला? उरले ते थोडेसे, जे डोकं पण वापरतात, काम पण ओढतात आणि साहेब चुकला तर त्याच्याच केबिनमध्ये जाऊन सांगतात. केलीला हवे होते ते हे, आणि आपण ज्यांना "जरा आगाऊच आहे" म्हणतो ते पण हेच.

न बोलण्याची किंमत पाहायची असेल तर 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर काय झालं ते वाचा. विमानतळावर धुकं, दोन जंबो जेट एकाच रनवेवर, एक केएलएमचं आणि एक पॅन ॲमचं. केएलएमचा कॅप्टन साधा माणूस नव्हता, कंपनीच्या जंबो पायलटांच्या ट्रेनिंगचा प्रमुख, जाहिरातीत त्याचा फोटो. त्यानं पहिल्यांदा थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर वाढवायचे दांडे, पुढं ढकलले तेव्हा शेजारचा को-पायलट बोलला की थांबा, टॉवरचं क्लिअरन्स अजून मिळालं नाही. कॅप्टन म्हणे माहीत आहे, माग. त्यानं मागितलं. टॉवरनं उडाल्यावर कोणत्या मार्गानं जायचं ते सांगितलं, उडायची परवानगी दिलीच नव्हती, तरी कॅप्टननं विमान पळवायला घेतलं आणि ह्या वेळी को-पायलटनं त्याला अडवलं नाही. ह्याच कॅप्टननं दोनेक महिन्यांपूर्वी त्याची जंबोची परीक्षा घेतली होती, हे पण लक्षात घ्या. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनियरनं विचारलं, ते पॅन ॲमवालं बाहेर पडलं नाही का मग? कॅप्टन ठासून म्हणे, पडलं की. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. 583 माणसं गेली.

मला ह्यात सगळ्यात जास्त लागून राहतं ते हे की त्या कॉकपिटमध्ये मुका कोणी नव्हता. एकानं एकदा अडवलं, दुसऱ्यानं एकदा विचारलं. आपण सगळे असेच असतो, एकदा बोलतो, समोरून "माहीत आहे मला" आलं की आपलं कर्तव्य झालं समजून गप्प बसतो. पहिल्यांदा बोलायला फक्त अक्कल लागते, दुसऱ्यांदा बोलायला छाती लागते कारण तेव्हा समोरच्याचा आवाज चढलेला असतो आणि आपलं प्रमोशन डोळ्यांपुढं असतं.

विमानवाल्यांनी ह्यातून जे केलं ते मात्र शिकण्यासारखं आहे. "ज्युनियर लोकांनो धीट व्हा" असं भाषण देऊन ते थांबले नाहीत. 1979 मध्ये नासानं ह्यावर एक वर्कशॉप घेतलं, आणि युनायटेड एअरलाइन्सनं 1981 पासून पायलटांना ह्याचं रीतसर ट्रेनिंग सुरू केलं, पुढं ते जगभर गेलं. त्यात ज्युनियरला वाक्यं शिकवतात, आधी विचारा, मग धोका स्पष्ट सांगा, दोनदा सांगून पण उत्तर आलं नाही तर स्वतः हात घाला. आणि कॅप्टनला शिकवतात की तू विचारत जा आणि कोणी बोललं तर त्याचं ऐक. 1989 मध्ये युनायटेडच्याच एका विमानाचं मागचं इंजिन फुटलं आणि सगळी हायड्रॉलिक्स गेली, म्हणजे विमान वळवायचं साधनच राहिलं नाही, तेव्हा कॅप्टन अल हेन्सनं कॉकपिटमधल्या सगळ्यांना कामाला लावलं, प्रवाशांमध्ये बसलेल्या एका ट्रेनिंग देणाऱ्या पायलटला पण बोलावून थ्रॉटल त्याच्या हातात दिले. 296 पैकी 184 माणसं वाचली. हेन्सनं पुढं त्या ट्रेनिंगचं नाव घेतलं, स्वतःचं नाही.

अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्या अजनीला जा आणि एखाद्या असिस्टंट लोको पायलटला, म्हणजे रेल्वे इंजिनाच्या ड्रायव्हरच्या मदतनिसाला, विचारा. इंजिनात तो पायलटच्या शेजारी असतो, सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारतो, पायलट तोच परत पुकारतो, रात्री दोन वाजता पण आणि रोजचाच रस्ता असला तरी पण. आणि सिग्नल लाल असून पायलट गाडी आवरत नसेल तर असिस्टंटनं स्वतः इमर्जन्सी ब्रेक लावायचा असतो, परवानगी मागत बसायचं नसतं. हुद्द्यानं तो खालचाच आहे, पण त्या क्षणी त्याच्या हातात काय आहे ते नियमानं ठरलेलं आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये पण असंच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये सर्जरीची एक चेकलिस्ट काढली, त्यात चिरा देण्याआधी थिएटरमधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, सर्जननं पण आणि नर्सनं पण. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण जिनं सुरुवातीला एकदा तोंड उघडलं ती पुढं "सर, स्पंज एक कमी आहे" म्हणायला कचरत नाही. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांमध्ये हे करून पाहिलं, त्यात एक दिल्लीचं होतं, तर ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं, 2009 मध्ये छापून आलं आहे.

आता म्हणाल ऑफिसात कोण मरते. खरं आहे, फाइलखाली दबून कोणी मेलेलं मी पाहिलं नाही. पण ऑफिसातला नियम काय आहे ते तरी किती जणांना माहीत आहे? केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम 1964, त्यातला नियम 3. वरिष्ठाचा आदेश साधारणपणे लेखी असावा, तोंडी आदेश शक्यतो टाळावा, द्यावाच लागला तर वरिष्ठानं लगेच लेखी कायम करावा, आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला त्यानं लेखी मागावा, मागितला तर देणं हे वरिष्ठाचं कर्तव्य आहे. म्हणजे लेखी मागणारा उद्धट नाही, तो नियम पाळून राहिला आहे. हे पुस्तक प्रत्येक ऑफिसच्या कपाटात असतं आणि त्यावर धूळ असते.

एका ऑफिसात, नाव सांगत नाही, मार्च एन्डला एक बिल काढायचं होतं, माल आला नव्हता पण निधी परत जाईल म्हणून साहेबानं तोंडी सांगितलं की टाका पुढं, माल येतोच आहे. बिल ज्या बाईंकडे होतं त्या नोकरीत नवीन होत्या. त्यांनी भांडण केलं नाही की रडारड केली नाही, नोटशीटवर सरळ लिहिलं, चर्चेत मिळालेल्या सूचनेनुसार बिल सादर, माल अद्याप प्राप्त नाही, कृपया लेखी आदेश व्हावा. फाइल परत आली, मार्जिनला "प्लीज स्पीक". ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांना "प्लीज स्पीक"चा अर्थ सांगायला नको, जे कागदावर नको ते केबिनमध्ये ऐकवायचं असतं. त्या गेल्या, ऐकून आल्या, पण नोट काही फाडली नाही. बिल निघालं नाही, निधी परत गेला आणि बाईंचं टेबल बदलून त्यांना डिस्पॅचला, म्हणजे टपाल पाठवायच्या टेबलावर, बसवलं.

इथपर्यंत तुम्हाला साहेबाचा राग आला असेल. मला राग आला तो सेक्शनचा. दुपारी डबे एकत्र उघडायचे सगळे, बाईंना बोलावणं बंद झालं. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, साहेबाचा तसा काही आदेश नव्हता, लेखी नाही की तोंडी नाही. "कशाला पंगा घ्यायचा होता तिनं", "दोन महिन्यांत माल येणारच होता", "आमचा पण निधी घालवला", असं सगळं. साहेबाला एक माणूस हलवायला एक ऑर्डर लागली, आणि बाकीच्या सगळ्यांना धडा शिकवायचं काम त्या बाकीच्यांनीच फुकटात करून दिलं. पुढं त्या सेक्शनच्या नोटशीटवर कोणाच्या हातचा "कृपया लेखी आदेश व्हावा" मला तरी दिसला नाही. तिकडे लीडरशिपच्या पुस्तकांत लिहितात की नेता वातावरण घडवतो, घडवत असेल, पण ते वातावरण टिकवतात शेजारच्या टेबलवाले.

प्रायव्हेटमध्ये वेगळं असेल असं वाटत होतं. पुतण्याच्या कंपनीत म्हणे निनावी फीडबॅकचा फॉर्म आहे, मन मोकळं करा, कोणाला कळणार नाही. फॉर्म उघडायला लॉगिन करावं लागतं, एम्प्लॉयी आयडी टाकून! सगळ्यांनी पाचपैकी पाच स्टार दिले.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल बडे बाबू रिटायर झाल्यावर क्रांतिकारक झाले. प्रत्येक गोष्टीला आडवं जाणारा माणूस पण ऑफिसला जड होतो. स्वतःचं टेबल तुंबलेलं आणि साहेबाच्या प्रत्येक निर्णयावर भाष्य, अशाचं कोण ऐकणार? आधी आपलं काम असं पाहिजे की बोललो तर समोरच्याला ऐकावं लागलं पाहिजे. आणि निर्णय चुकीचा वाटला, आपण बोललो, साहेबानं ऐकून घेतलं आणि तरी दुसरीकडे कौल दिला, आणि त्यात बेकायदेशीर किंवा कोणाच्या जिवावर येणारं काही नसेल, तर मग तोंड वाकडं न करता ते काम पूर्ण ताकदीनं करायचं. मुद्दाम सुस्त काम करून साहेबाला तोंडावर पाडणं ह्याला मी हिंमत म्हणत नाही.

आणि साहेबलोकांनी पण एक आठवावं. रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आपण सगळे घेतो, नारायणराव पेशव्यांच्या खुनात राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणारा माणूस. पण त्याच्याआधी माधवराव होते हे विसरतो. सांगतात की माधवराव पूजाअर्चेत गढून राहायला लागले आणि राज्याची कामं अडून राहिली, तेव्हा रामशास्त्र्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की हेच करायचं असेल तर गादी सोडून गंगेच्या घाटावर चला, आणि विशी-पंचविशीतल्या त्या पेशव्यानं ते ऐकलं, आपली चाल बदलली. तोच रामशास्त्री राघोबांच्या राज्यात पुणं सोडून गेला. माणूस तोच, वर कोण बसलं आहे त्याप्रमाणे एकदा राज्याच्या कामी आला आणि एकदा राज्यानं त्याला गमावला. प्रत्येक साहेबाला आपल्या ऑफिसात रामशास्त्री हवा असतो म्हणे, फक्त तो दुसऱ्याच्या केबिनमध्ये बोलणारा हवा असतो.

मार्कांचं म्हणाल तर पूर्वी आमचा सी.आर., म्हणजे साहेबानं लिहिलेला वर्षाचा अहवाल, गुपित असायचा, वाईट शेरा असला तरच कळवायचे. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानं देव दत्त केसमध्ये सांगितलं की चांगला असो वाईट असो, प्रत्येक शेरा माणसाला कळवा, मग एपीएआर, म्हणजे त्याच अहवालाचं नवं रूप, दाखवायला लागले, ते चांगलंच झालं. पण त्यात नेतृत्वगुणांचा रकाना आहे, आणि "वरिष्ठाला चूक वेळेवर दाखवली" असा रकाना मी नोकरीभर पाहिला नाही. असता तरी भरणार कोण, तोच वरिष्ठ.

आपल्याच गावाचं घ्या. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं सुरू झाली, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आता तिच्या जागेवर मॉल आहे. जमशेटजी बहुतेक मुंबईत, मग इथं रोजची मिल कोण चालवायचं? बेझनजी मेहता. कापडाच्या धंद्यातला माणूसच नव्हता तो, रेल्वेतून उचललेला, पण जमशेटजींनी त्याच्यावर मिल सोपवली आणि त्यानं ती उभी करून दाखवली. बेझनबागेतून रोज गाडी काढणाऱ्यांना विचारून पाहा हे बेझन कोण, दहातले नऊ माझ्या तोंडाकडे पाहतात. "दुसऱ्या नंबरचा माणूस" म्हटलं की आपल्याला त्यात काहीतरी कमीपणा वाटतो, आईबाप पण पोराला कधी असं म्हणत नाहीत की कोणाच्या तरी हाताखाली चांगलं काम कर बेटा, म्हणतात साहेब हो.

तर संपादक साहेब, विनंती अशी. आपल्याकडे व्हीएनआयटी आहे, 2015 पासून आयआयएम आहे, नागपूर विद्यापीठाचे एमबीएचे वर्ग आहेत, ह्यांच्याकडे लीडरशिपवर बोलायला तज्ज्ञांची कमी नाही, त्यांच्याकडून एक लेखमाला हाताखालच्यांवर लिहून घ्या, म्हणजे साहेबाला नाही कसं म्हणायचं, कागदावर काय लिहायचं, दुसऱ्यांदा कसं बोलायचं, आणि ज्यानं बोललं त्याच्याशी शेजारच्यानं कसं वागायचं, हे. आणि तुमच्या पुरवणीत दरवर्षी यशस्वी नेतृत्वाचे जे फोटो येतात पानभर, त्यात एखादं पान असिस्टंट लोको पायलट, थिएटरची नर्स, सेक्शनमधली यूडीसी, म्हणजे वरिष्ठ लिपिक, अशांना द्या, जाहिराती कमी मिळतील ते मला माहीत आहे. वर्धा रोडवरच्या त्या वर्कशॉपवाल्यांना पण ह्या पत्राद्वारे सांगतो की एक तास ह्या विषयाला दिला तर मी नियम 3 घेऊन यायला तयार आहे, फी नको, चहा चालेल.

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर